औषधांच्या ऑर्डर्स संगणकावर: आरएमओच्या खुर्चीतून

गेल्या पावसाळ्यात आमच्या रुग्णालयाने कागदी ट्रीटमेंट चार्ट बंद केला आणि औषधांच्या सगळ्या ऑर्डर्स संगणकावर आणल्या. आता उन्हाळा संपत आलाय. पहिल्या पंधरवड्यातच लिहायला बसले असते तर नुसत्या शिव्या उमटल्या असत्या, म्हणून थांबले. मी इथे आरएमओ (निवासी डॉक्टर) आहे. म्हणजे राऊंडला सर बोलतात आणि टाइप मी करते. रात्री सिस्टरचा फोन आला की ऑर्डरही मीच टाकते. बिलिंग, लॅब, विमा या भागांशी माझा फारसा संबंध येत नाही, त्यामुळे त्यावर बोलणार नाही.

सॉफ्टवेअरचं नाव देत नाही, आणि ते कंपनीच्या भीतीने नव्हे. तेच सॉफ्टवेअर शेजारच्या जिल्ह्यात माझी एक मैत्रीण वापरते. आम्ही फोनवर बोलायला लागलो की दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलतोय असं वाटतं. तिच्याकडे सोपं ते माझ्याकडे अवघड, आणि उलटंही. याचं कारण स्क्रीनमागची औषधांची मास्टर यादी. ती प्रत्येक रुग्णालय आपापली भरतं. औषध कोणत्या नावाने दिसणार, कोणतं एकक आधीच भरून येणार, बीडी (दिवसातून दोनदा) म्हणजे किती वाजता, हे सगळं तिथे ठरतं. इतके महिने वापरल्यावर माझं मत असं झालंय की ऑर्डर एंट्रीचा निम्म्याहून अधिक बरेवाईटपणा कंपनीच्या नव्हे तर त्या यादीच्या पदरात टाकायला हवा.

आधी जे निर्विवाद चांगलं झालं ते सांगते. अक्षर. औषधं जेनेरिक नावाने, वाचता येईल अशी आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत असा मेडिकल कौन्सिलचा नियम २०१६ पासून आहे. कागदावर तो पाळणारे डॉक्टर मी हाताच्या बोटांवर मोजू शकते. आता रात्री अडीचला “डॉक्टर, सरांनी हे नक्की काय लिहिलंय?” असा फोन येत नाही. डोस कोणी दिला, किती वाजता दिला, का दिला नाही, हेही एका जागी दिसतं. एवढ्यावर मी परत कागदाकडे जायला तयार होणार नाही.

आता यादीकडे येते. आमची पहिली यादी स्टोअरच्या खरेदीच्या नोंदींतून उचलली होती. डेटा तयार आहे, कशाला परत भरायचा, असा हिशेब. त्यामुळे ‘पॅन’ टाइप केलं की पॅन्टोप्राझोलची गोळी, इंजेक्शन, डोम्पेरिडोनसोबतची कॅप्सूल, तीन-चार कंपन्यांचे ब्रँड, आणि दोन वर्षांपूर्वी मागवणं बंद झालेले माल, सगळे एकाखाली एक. राऊंडला सर पुढच्या पेशंटकडे सरकलेले असताना त्यातून नेमकं उचलायचं. शिवाय स्टॉक शून्य झाला की नाव यादीतून गायब! पेशंटला काय द्यायचं हा डॉक्टरचा निर्णय, आणि कपाटात काय शिल्लक आहे हा स्टोअरचा प्रश्न. यादीने दोन्हींची गाठ मारून ठेवली होती. इन्सुलिनची तर गंमतच. आठ युनिट दिवसातून तीनदा अशी ऑर्डर टाकली की सिस्टीम प्रत्येक डोसला एक आख्खी व्हायल (बाटली) मागवायची. बिलावर दिवसाला तीन व्हायल बघून नातेवाईक भांडायला आले, आणि ते बरोबरच होते.

दिवाळीनंतर आमच्या फार्मासिस्ट मॅडमनी ही यादी मुळापासून नव्याने केली. आधी जेनेरिक नाव, मग रूप, मग ताकद. ब्रँड फक्त फार्मसीच्या खिडकीवर. इन्सुलिनच्या नावातच ‘४० युनिट प्रति मिली, व्हायल’ आणि ‘१०० युनिट प्रति मिली, पेन’ असं आलं, कारण आपल्याकडे दोन्ही चालतात आणि त्यांच्या सिरिंज वेगळ्या असतात. प्रत्येक औषधाला लागतील तेवढीच एककं ठेवली. त्याआधी इन्सुलिनसमोरही मिली, गोळी, चमचा, ग्रॅम अशी सगळी वरात उभी असायची. हे काम मॅडमनी आपलं रोजचं काम सांभाळून, ड्यूटी संपल्यावर बसून केलं. करारात मास्टर भरण्यासाठी माणूसच धरलेला नव्हता.

एककाचा विषय निघालाच आहे तर लहान मुलांबद्दल बोलायला हवं. नऊ किलोच्या बाळाला पंधरा मिलिग्रॅम प्रति किलोने पॅरासिटामॉल म्हणजे १३५ मिलिग्रॅम. ड्रॉप्स १०० मिलिग्रॅम प्रति मिलीचे असतात, सिरप बहुधा पाच मिलीत १२५चं. सिरपचे पाच मिली जवळपास बरोबर. तेच पाच मिली ड्रॉप्समधून गेले तर ५०० मिलिग्रॅम. म्हणून डोस मिलिग्रॅममध्ये लिहायचा आणि मिली मशीनने काढायचे, ही सोय मला मनापासून आवडते. वजन टाकल्याशिवाय लहान मुलाची ऑर्डर पुढेच जात नाही, हेही आवडतं.

पण ही सोय किती उलटू शकते याचं उदाहरण २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात घडलं, आणि आमच्या ट्रेनिंगमध्ये ते सांगायला हवं होतं असं मला वाटतं. सोळा वर्षांचा मुलगा, वजन चाळीस किलोच्या थोडं आत. त्याला कोट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकची एक गोळी द्यायची होती, म्हणजे त्यातलं ट्रायमेथोप्रिम १६० मिलिग्रॅम. चाळीस किलोच्या आतल्या पेशंटला डोस वजनावरच लिहायचा असा तिथला नियम. डॉक्टरने पाच मिलिग्रॅम प्रति किलोने ऑर्डर टाकली, हिशेब १९३ मिलिग्रॅम आला. गोळी १६०ची असल्यामुळे फार्मासिस्टने बदलून मागितली. डॉक्टरने १६० लिहिलं, पण समोरचं एकक मिलिग्रॅम प्रति किलो हेच राहिलं होतं. साडेअडतीस गोळ्या! डॉक्टरला सूचना आली होती, फार्मासिस्टलाही. दोघांनी ती रोजच्या सूचनांसारखी बाजूला सारली. रोबोटने गोळ्या निमूट मोजून भरल्या. नर्सला शंका आली, पण बारकोड म्हणाला ‘बरोबर आहे’. मुलाने सगळ्या गोळ्या घेतल्या, त्याला झटका आला, आणि सुदैवाने तो वाचला. मला यात सगळ्यात जास्त खुपतो तो बारकोड. तो ऑर्डरशी पडताळून बघतो, पेशंटशी नाही.

आमच्याकडे मिलिग्रॅम आणि मिलिग्रॅम प्रति किलो या दोन एककांसाठी आता दोन वेगळे रकाने आहेत, आणि वजनावरचा डोस टाकला की शेवटचा आकडा गोळ्यांत किंवा मिलीत मोठ्या अक्षरांत दिसतो. साडेअडतीस गोळ्या असं लिहून आलं तर पेंगुळलेला आरएमओही जागा होईल.

सूचनांचा उल्लेख झाला म्हणून सांगते. सुरुवातीला आमच्या सिस्टीममध्ये सगळ्याच सूचना चालू होत्या. हार्ट अटॅकच्या बहुतेक पेशंटना ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सोबत द्यायचं असतं, आणि प्रत्येक वेळी लाल चौकट: रक्तस्रावाचा धोका. आठवड्याभरात सगळ्यांची बोटं न वाचता ओके दाबायला शिकली. त्याच चौकटीत कधीतरी वॉरफरिनसोबत मेट्रोनिडाझोल ही खरोखर धोक्याची जोडी येणार आणि तेही त्याच बोटाने उडणार, हे उघड होतं. फार्मासिस्ट मॅडमनी सूचनांची यादी छाटली. आता लाल चौकट क्वचित येते, आणि आली की मी खरोखर वाचते. ॲलर्जीचं मात्र अजून रडगाणं आहे: ‘सल्फाची ॲलर्जी’ कोणी नोट्समध्ये लिहिली आणि ॲलर्जीच्या रकान्यात टाकली नाही, तर सिस्टीमला काहीच कळत नाही.

वेळेचा घोळ हा मला सगळ्यात जास्त त्रास देणारा भाग. न्यूमोनियाचा पेशंट दुपारी तीनला भरती होतो, सर सेफ्ट्रायक्झोन हे अँटिबायोटिक बीडी सांगतात. कागद असताना सिस्टर पहिला डोस लगेच द्यायच्या आणि पुढच्या वेळा जुळवून घ्यायच्या. संगणकाला बीडी म्हणजे सकाळी दहा आणि रात्री दहा. म्हणजे पहिला डोस रात्री दहाला, सात तास वाया. त्यासाठी ‘पहिला डोस आत्ता’ अशी एक चौकोनी खूण आहे, ती आठवणीने करायची. केली की उलटा प्रश्न: रात्री नऊला पहिला डोस दिला, तर दहाचा नेहमीचा डोस तसाच उभा. एनॉक्सापॅरिन, अमिकासिन अशा औषधांचे दोन डोस तासाभरात देणं परवडत नाही. आजवर ते अनुभवी सिस्टर्सनी अडवलंय, सिस्टीमने नाही. बाँडवरच्या (शिक्षणानंतरची सक्तीची सेवा करणाऱ्या) नव्या सिस्टर स्क्रीनवर दिसेल ते करतात, आणि त्यांना दोष कसा देणार?

मुदतीचं तसंच. प्रत्येक ऑर्डरला आपोआप तीन दिवसांची मुदत लागायची. चौथ्या सकाळी लेव्हेटिरासिटाम हे फिट्सचं औषध चार्टवरून नाहीसं, कोणी बंद केलेलं नसताना. हे डिसेंबरमध्ये दुरुस्त झालं: मुदत आता फक्त अँटिबायोटिकला सक्तीची, आणि संपायच्या आदल्या दिवशी पिवळी पट्टी येते.

ऑर्डर सेट, म्हणजे एका आजारासाठीच्या ऑर्डर्सचा तयार संच, ही या सगळ्या प्रकरणातली खरी कमाई. आमच्या गायनॅक मॅडमनी एक्लॅम्पसियाचा (गरोदरपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांचा) सेट स्वतः बसून केला. मॅग्नेशियम सल्फेट चार ग्रॅम शिरेतून सावकाश, पाच-पाच ग्रॅम दोन्ही नितंबांत, मिळून चौदा. मग दर चार तासांनी पाच ग्रॅम, आणि प्रत्येक डोसआधी गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वास आणि लघवी तपासल्याची नोंद केल्याशिवाय पुढचा डोस उघडतच नाही. ५० टक्क्यांच्या अँप्युलचे आठ मिली, त्यात बारा मिली सलाईन, हेही लिहून येतं. रात्री तीनला झटके येणारी बाई समोर असताना हा हिशेब डोक्यात करावा लागत नाही. तसंच पोटॅशियमचं. आधी सलाईन एक ऑर्डर आणि केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) दुसरी ऑर्डर, दोन्हींसमोर नुसतं ‘आयव्ही’. केसीएल पातळ न करता थेट शिरेत गेलं तर जिवावर बेततं, हे वेगळं सांगायला नको. आता ५०० मिली सलाईनमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट अशी एकच ऑर्डर आहे, आणि वॉर्डातल्या सर्चमध्ये सुटं केसीएल सापडत नाही.

सेटमध्ये बसत नाही ते सगळं ‘रिमार्क्स’मध्ये जातं. इन्सुलिनची स्लायडिंग स्केल (साखरेच्या आकड्यानुसार बदलणारा डोस), ‘बीपी शंभरच्या खाली असेल तर देऊ नका’, स्टेरॉइड हळूहळू कमी करण्याचं वेळापत्रक. रिमार्क्स कोणी तपासत नाही. सिस्टरच्या टॅबवर त्याची पहिली ओळ दिसते, बाकीची बघायला बोट लावावं लागतं. कंपनीला महिनोन्महिने मेल चाललेत, उत्तर ठरलेलं: पुढच्या व्हर्जनमध्ये. तोवर मी अट पहिल्या शब्दात लिहिते आणि सिस्टरला तोंडी सांगते, म्हणजे सॉफ्टवेअर असूनही काम कागदाच्या काळासारखंच.

तोंडी ऑर्डरचा नियम चोवीस तासांत सही करण्याचा आहे. तो कागदावर जितका पाळला जायचा तितकाच इथे पाळला जातो. फरक इतकाच, की आता कोणाच्या किती सह्या बाकी आहेत ते दिसतं, आणि त्यात वरचढ कोण हे मी लिहिणार नाही. वीज किंवा सर्व्हर गेला तर दर सहा तासांनी छापून ठेवलेला चार्ट कामाला येतो. ती छपाई खर्चिक म्हणून बंद करायचा प्रस्ताव आला होता, सिस्टर इनचार्जनी हाणून पाडला. आभा क्रमांकाला (सरकारी आरोग्य ओळख क्रमांकाला) नोंदी जोडण्याचं चालू आहे, मला त्याचा रोज उपयोग होत नाही.

डिस्चार्जचा कागद मात्र आवडतो. सकाळ-दुपार-रात्र, जेवणाआधी-नंतर, सगळं मराठीत छापून येतं. सुरुवातीला जोडाक्षरं फुटायची, आणि अर्धी गोळी ‘०.५’ अशी यायची. एका आजोबांनी आधीचं टिंब न दिसल्याने पाच गोळ्या का, असं विचारलं, तेव्हा ते ‘अर्धी गोळी’ असं अक्षरी करून घेतलं.

ज्यांच्या रुग्णालयात अशी प्रणाली घ्यायचं घाटतंय त्यांना माझं सांगणं. विक्रेते चुका निम्म्याहून कमी होतात म्हणतील. बोस्टनच्या १९९८च्या अभ्यासात गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्या होत्या, ते खरंच आहे. पण २००५मध्ये पेन्सिल्वेनियातल्या एका अभ्यासाने अशा प्रणालीमुळे घडू शकणाऱ्या चुकांचे २२ प्रकार मांडले होते, त्यावर ते बोलणार नाहीत. म्हणून डेमोला त्यांची तयार उदाहरणं बघू नका, आपली द्या. दर सोमवारी एकदाच मेथोट्रेक्सेट. नऊ किलोच्या बाळाला ड्रॉप्स. प्रेडनिसोलोन चाळीसवरून दर पाच दिवसांनी दहाने खाली. रात्री नऊला सुरू होणारं बीडी इंजेक्शन. स्लायडिंग स्केल. आणि टाइप करायला त्यांच्या माणसाला नको, तुमच्याच नाइट ड्यूटीच्या आरएमओला बसवा. कोणत्याही ऑर्डरवर “ते रिमार्क्समध्ये टाका ना, मॅडम” असं उत्तर आलं तर ती ऑर्डर त्या सॉफ्टवेअरमध्ये टाकता येत नाही असं लिहून घ्या, आणि मास्टर यादी भरायला कोणाचा किती वेळ पगारी धरलाय हे सही करण्याआधी विचारा.