बँडकॅम्प: छोट्या गॅरेज आणि पॉप बँडांची नवी गाणी शोधणाऱ्यांसाठी

गॅरेज रॉक, म्हणजे हौशी बँडांचा कच्चा, खरखरीत गिटारचा रॉक, हा संगीतप्रकार पहिल्यापासून छोट्या तबकड्यांवर आणि त्या काढणाऱ्या त्याहून छोट्या लेबलांवर, म्हणजे ध्वनिमुद्रण कंपन्यांवर, जगत आला आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या असंख्य हौशी तरुणांनी दोन-अडीच मिनिटांची एखाद-दुसरी गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांची सात इंची तबकडी फार तर आसपासच्या रेडिओ केंद्रांवर वाजली आणि त्यातले बहुतेक बँड विस्मरणात गेले. १९७२ साली गिटारवादक आणि संगीतलेखक लेनी के यांनी अशी निवडक गाणी इलेक्ट्रा कंपनीसाठी ‘नगेट्स’ या दुहेरी अल्बमात एकत्र केली, तेव्हा कुठे या विखुरलेल्या उद्योगाकडे एक स्वतंत्र प्रकार म्हणून पाहिले जाऊ लागले. या संगीतात गाणे करणाऱ्याइतकाच ते चाळून पुढे ठेवणाराही महत्त्वाचा राहिला आहे, तो असा. आज ध्वनिमुद्रण कमालीचे स्वस्त झाल्यामुळे नव्या गाण्यांचा ओघ कैक पटींनी वाढला आहे आणि चाळणीचा प्रश्न होता तिथेच आहे. बँडकॅम्प या सेवेचे हे परीक्षण त्याच एका प्रश्नापुरते आहे: स्वतंत्र गॅरेज आणि पॉप बँडांचे नवे काम शोधायला ती कितपत कामाची आहे?

बँडकॅम्प २००८ साली सुरू झाले. बँड किंवा लेबल स्वतःचे पान उघडते, गाणी चढवते, किंमत ठरवते आणि ऐकणारा ती थेट त्यांच्याकडून विकत घेतो. डिजिटल विक्रीवर कंपनी १५ टक्के घेते, ठरावीक उलाढालीनंतर १० टक्के, आणि तबकड्या, कॅसेट, टी-शर्ट यांवर १० टक्के. पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. हा व्यवहार शोधणाऱ्याच्या दृष्टीने का महत्त्वाचा, तर त्यावरून बँड आपले काम आधी कुठे ठेवतात ते ठरते. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादे गाणे मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले गेले नसेल, तर त्याला मानधन मिळतच नाही. चार गाण्यांची कॅसेट काढून तिच्या शंभरेक प्रती विकणाऱ्या बँडासाठी हा आकडा लहान नाही. उलट बँडकॅम्पवर पहिल्या दहा ग्राहकांचे पैसेही लगेच कामी येतात, त्यामुळे कच्चे डेमो, मैफलीतली ध्वनिमुद्रणे, दोन बँडांनी वाटून घेतलेली तबकडी असा, मोठ्या सेवांवर उशिरा येणारा किंवा कधीच न येणारा ऐवज इथे आधी सापडतो. गॅरेजचे खरे चैतन्य बहुतेकदा याच ऐवजात असते. पुरा अल्बम येईपर्यंत अर्धे बँड फुटलेले असतात.

नव्या माणसाचे पाऊल सहसा आधी शोधपानावर पडते. तिथे प्रकार निवडायचा, नवे आलेले की सर्वाधिक विकले जाणारे ते सांगायचे, हवे तर फक्त तबकडी किंवा फक्त कॅसेट असलेले काम मागायचे, आणि समोर आलेली मुखपृष्ठे एकेक करून वाजवत जायचे. सोय चांगली आहे, पण तिचा सगळा डोलारा टॅगांवर, म्हणजे कामाला चिकटवलेल्या वर्णनशब्दांवर, उभा आहे आणि टॅग लावतो तो खुद्द बँड. परिणामी ‘रॉक’ आणि ‘इंडी’ हे टॅग शोधासाठी जवळजवळ निकामी झाले आहेत. नुसते ‘गॅरेज’ लिहिले तर ब्रिटनमधले त्याच नावाचे नृत्यसंगीत समोर येते. त्याचा खरखरीत आवाजाच्या गिटारशी काडीचाही संबंध नाही. म्हणून टॅग जितका अरुंद तितका उपयोगी. ‘गॅरेज पंक’, ‘पॉवर पॉप’, ‘जँगल पॉप’, ‘एग पंक’ अशा उपप्रकारांच्या टॅगांपैकी एकातून आत शिरले की सूर लगेच जुळतो. त्यातही ‘सर्वाधिक विकले जाणारे’ ही रचना सुरुवातीला टाळावी असे माझे मत आहे, कारण ज्यांना आधीच ग्राहक आहेत त्यांचीच तिथे वर्णी लागते. ‘नवे आलेले’ या रचनेत केरकचरा भरपूर येतो हे खरे, पण गॅरेजच्या बाबतीत पहिल्या वीस सेकंदांतच निकाल लागतो, त्यामुळे चाळायला फार वेळ जात नाही.

टॅगांच्या ओळीत सहसा अगदी शेवटी बँडच्या शहराचे नाव असते आणि बहुतेकांचे तिकडे लक्षच जात नाही. वास्तविक गॅरेज रॉक हा शहराशहरांतून वाढलेला प्रकार आहे. डेट्रॉइटमध्ये ‘द गोरीज’ने १९८०च्या दशकात जी वाट पाडली, तिच्यावरून पुढे ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ जगभर पोहोचले. मेम्फिसमध्ये गोनर हे लेबल आणि दुकान त्या शहराच्या आवाजाचा पत्ता झाले. मेलबर्नने ‘एडी करंट सप्रेशन रिंग’पासून ‘अॅमिल अँड द स्निफर्स’पर्यंत सलग पिढ्या दिल्या. एकाच शहरातले बँड एकमेकांचे ढोलवादक उसने घेतात, एकाच खोलीत ध्वनिमुद्रण करतात, एकाच रात्री एका मंचावर वाजवतात. आवडलेल्या बँडच्या शहराचा टॅग दाबून त्या गावातले नवे काम पाहिले, की प्रकाराच्या टॅगाने कधी दाखवले नसते असे दोन-तीन शेजारी हमखास भेटतात.

या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग मात्र अल्बमच्या पानावर आहे. मुखपृष्ठाच्या जवळच ते काम विकत घेतलेल्या लोकांची चौकोनी छोटी चित्रे ओळीने दिसतात. काहींनी सोबत एखादे वाक्य लिहिलेले असते आणि आपले आवडते गाणेही नोंदवलेले असते. त्या चित्रावर दाबले की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. इथे एक साधा हिशेब लक्षात ठेवावा. ज्या अल्बमला हजारो ग्राहक आहेत तिथल्या ग्राहकांच्या संग्रहातून फारसे काही हाती लागत नाही, कारण तो अल्बम सगळ्यांनीच घेतलेला असतो. ज्या कॅसेटला जेमतेम वीस ग्राहक आहेत आणि ती आपल्याला मनापासून आवडली आहे, त्या वीसांपैकी कोणाचाही संग्रह उघडला तर बहुधा घबाड सापडते. तो माणूसही आपल्यासारखाच कुठल्या तरी कोपऱ्यात चाचपडत तिथवर आलेला असतो आणि त्याने स्वतःचे पैसे मोजलेले असतात. फुकट ऐकलेल्या गाण्यांवरून बांधलेल्या कोणत्याही अंदाजापेक्षा, खिशात हात घालून केलेली ही निवड मला अधिक विश्वासार्ह वाटते. असे चार-पाच चोखंदळ ग्राहक शोधून त्यांच्या नव्या खरेदीवर लक्ष ठेवले, तर स्वतंत्र शिफारस-यंत्रणेची गरजच उरत नाही.

त्याच पानावर खाली श्रेयनामावली असते. ती वाचण्याची सवय लावून घ्यावी, विशेषतः मास्टरिंग, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या आवाजावरचा शेवटचा हात, कोणी केले ती ओळ. ‘एडी करंट सप्रेशन रिंग’चे गिटारवादक मायकी यंग यांचे नाव ऑस्ट्रेलियातल्या आणि बाहेरच्याही असंख्य छोट्या बँडांच्या तबकड्यांवर मास्टरिंगसाठी दिसते. आवाज कच्चा ठेवूनही गिटार आणि ढोल एकमेकांत कालवले जाऊ न देण्याची हातोटी ओळखू येऊ लागली, की ज्यांचे नावही ऐकले नव्हते अशा बँडांकडे केवळ त्या एका नावामुळे वळता येते. दुर्दैवाने ही नावे दाबून पुढे जाता येत नाही. ती नुसता मजकूर म्हणून पडलेली असतात आणि बाहेरच्या शोधयंत्रात टाकून पाहावी लागतात. सतरा वर्षांहून जुन्या झालेल्या सेवेत ही उणीव खटकते.

बँडांपेक्षा लेबलांचे अनुसरण करावे, असा माझा आग्रह राहील. बँड दोन वर्षांत एकदा काही काढतो, किंवा मोडतो. लेबल सतत चाळत असते. १९९१ पासून चालू असलेले इन द रेड आणि मेम्फिसचे गोनर ही गॅरेजसाठी भरवशाची नावे. जर्मनीचे अर्स्टे टेके टोनट्रेगर हे अधिक वेड्यावाकड्या, चिरक्या पंकसाठी. आणि गोड चालीच्या, गिटारच्या किणकिणाटाच्या पॉपसाठी १९८९ मध्ये सुरू झालेले स्लम्बरलँड. अनुसरण केले की नव्या कामाची सूचना ईमेलने येते. वीसेक लेबलांनंतर या ईमेलांचा पूर येतो, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवणे बरे.

संपादकीय बाजूविषयी थोडक्यात. ‘बँडकॅम्प डेली’ हे त्यांचे लेखन २०१६ पासून चालू आहे. एखाद्या शहराचे किंवा विस्मृत लेबलाचे दालन उघडून दाखवणारे त्यातले लेख उत्तम असतात, मात्र दर आठवड्याच्या शिफारशींत गॅरेजच्या वाट्याला फार थोडी जागा येते.

आता त्रासदायक गोष्टी. शोधाची चौकट कच्ची आहे. नाव नेमके ठाऊक असेल तर काम होते, पण ‘द’ने सुरू होणाऱ्या आणि एकाच सामान्य शब्दावर थांबणाऱ्या बँडनावांपुढे ती हतबल ठरते, आणि गॅरेज बँडांना अशी नावे ठेवण्याची भारी हौस. फुकट ऐकण्यावर बँडला मर्यादा घालता येते, म्हणून काही वेळा ऐकल्यावर गाणे थांबते आणि खरेदीची आठवण करून देते. मला ते रास्त वाटते, सर्वांना वाटेल असे नाही. विकत न घेतलेले संगीत १२८ केबीपीएस इतक्या साध्या दर्जात वाजते. घेतल्यावर मात्र फ्लॅक, वेव्ह, एमपी३ अशा हव्या त्या स्वरूपात फाइल उतरवता येते. चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, मायक्रोफोन बहुधा ढोलातच पडलेला असताना केलेले ध्वनिमुद्रण कणभरही न गमावता फ्लॅकमध्ये साठवण्यात एक गंमत आहे, आणि मी ती नेमाने करतो. तबकडी किंवा कॅसेट परदेशातून मागवायची असेल, तर टपालखर्च आधी पाहावा. सात इंची तबकडीच्या बाबतीत तो वस्तूच्या किमतीला सहज मागे टाकतो. अशा वेळी डिजिटल प्रत घेऊन वर इच्छेनुसार थोडी अधिक रक्कम देण्याची सोय आहे.

स्वयंचलित शिफारशींशी तुलना टाळता येणार नाही. स्पॉटिफायची ‘रिलीज रडार’ यादी दर शुक्रवारी, म्हणजे २०१५ पासून बहुतेक देशांत ठरलेल्या नव्या प्रकाशनांच्या दिवशी, बसल्या जागी समोर येते. बँडकॅम्पवर मात्र प्रत्येक पाऊल स्वतः उचलावे लागते. ओळखीच्या बँडचे नवे गाणे चुकू नये एवढीच अपेक्षा असेल, तर ती यादी पुरेशी आहे आणि बँडकॅम्पची खटपट करण्याचे कारण नाही. पण अशी यंत्रणा ऐकणाऱ्यांच्या वागणुकीवरून शिकते, आणि ज्याला अजून ऐकणारेच नाहीत त्याच्याविषयी शिकण्यासारखे तिच्या हाती फार थोडे असते. कालच चढवलेला डेमो तिथे पोहोचेपर्यंत त्याच्या कॅसेट संपलेल्या असतात.

बँडकॅम्पच्या भवितव्याविषयी निर्धास्त राहावे अशी स्थिती नाही. २०२२ मध्ये व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने ती कंपनी घेतली, २०२३ मध्ये संगीत-परवान्यांचा व्यवसाय करणाऱ्या साँगट्रेडरला विकली, आणि त्या हस्तांतरात सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले. दुसरीकडे, ठरावीक शुक्रवारी कंपनी विक्रीतला आपला वाटा सोडते तो ‘बँडकॅम्प फ्रायडे’ मार्च २०२० पासून आजवर टिकला आहे, आणि जानेवारी २०२६ मध्ये पूर्णतः किंवा मोठ्या प्रमाणात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या संगीताला मनाई करण्यात आली. ‘नवे आलेले’ ही यादी चाळणाऱ्यासाठी हा दुसरा निर्णय पहिल्यापेक्षाही मोठा आहे, कारण यंत्राने घाऊक पाडलेली गाणी त्या यादीत शिरली असती तर ती दोन दिवसांत वाचण्यालायक राहिली नसती. मेलबर्नच्याच गॅरेज वर्तुळातून वर आलेल्या ‘किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड’ने २०२५ मध्ये स्पॉटिफाय सोडल्यावर आपले अल्बम ‘तुम्हीच किंमत ठरवा’ या अटीवर इथे ठेवले, यावरून मोठ्या बँडांनाही या जागेचा उपयोग आहे असे दिसते.

बँडकॅम्प फ्रायडेच्या दिवशी मात्र शोध घेऊ नये. त्या दिवशी सगळे बँड एकदम नवे काम काढतात, ईमेल ओसंडून वाहतात आणि चांगली कॅसेटही गर्दीत हरवते. तो दिवस येईपर्यंत शोधत राहावे, आवडलेले विशलिस्टमध्ये टाकावे, त्या शुक्रवारी एकदम खरेदी करावी आणि फाइल त्याच दिवशी उतरवून बाहेरच्या डिस्कवर ठेवावी.