'मॉरगॉथ्स रिंग' : काही महिने उशाशी ठेवल्यानंतर

टोल्किनच्या जगातल्या अमर आत्म्यांना शरीर कशाला लागतं आणि ते गेल्यावर त्यांचं पुढे काय होतं, या प्रश्नाने ज्यांची पाठ सोडलेली नाही त्यांनी हे पुस्तक जरूर घ्यावं. बाकीच्यांनी घाई करू नये. ख्रिस्तोफर टोल्किनने वडिलांच्या हस्तलिखितांवरून संपादित केलेल्या बारा खंडांपैकी हा दहावा, १९९३ सालचा. यातलं बरंचसं लेखन 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' नंतरचं, १९५०च्या दशकातलं आहे.

सलग गोष्ट इथे नाही. एकाच प्रकरणाचे दोन-तीन खर्डे, त्यांवर टिपा, आणि त्या टिपांवर पुन्हा संपादकाच्या टिपा. माझ्या पेपरबॅकमधला टाइप बारीक आहे, रात्री डोळे शिणतात. दोन खुणा ठेवून वाचलं की सोपं जातं, एक मजकुरात आणि एक टिपांत. सुरुवातीच्या सनावळ्या मागे ठेवल्या तरी काही बिघडत नाही.

'सिल्मरिलियन'मध्ये, म्हणजे टोल्किनच्या या जगाच्या पुराणकथांच्या पुस्तकात, आयनूर हे आद्य आत्मे अंगावर कपडे चढवावेत तसं शरीर घेतात. 'वासांसि जीर्णानि' कानावर पडत वाढलेल्या आपल्याला हे लगेच ओळखीचं वाटतं. पण मग नूमेनॉर हे माणसांचं बेट बुडालं तेव्हा शरीर गमावलेल्या साउरॉनला, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या खलनायकाला, पुन्हा देखणं रूप का घेता आलं नाही? एल्फ या अमर जमातीचा राजा फिंगॉल्फिन याने पायावर घाव घातल्यावर मेल्कोर, आयनूरांतला बंडखोर, कायमचा लंगडा का झाला? कपडाच असेल तर बदलता यायला हवा.

उत्तर या खंडाच्या शेवटच्या भागात आहे आणि माझ्या मते पैसे तिथेच वसूल होतात. साउरॉनने आपली शक्ती एका अंगठीत ओतली, मेल्कोरने (म्हणजेच मॉरगॉथने) ती पृथ्वीच्या मातीदगडांत, धातूंत, जिवांच्या देहांत मिसळली. सोन्यात तिचा अंश जास्त, पाण्यात जवळपास नाहीच. म्हणजे अख्खी मिडल-अर्थ हीच त्याची अंगठी! तेवढा तो स्वतः क्षीण होत गेला, देहाला जखडला गेला, भिऊ लागला. त्याला समूळ उपटायचं तर पृथ्वीच मोडावी लागली असती, म्हणून वालार (पृथ्वीची राखण करणारे बलाढ्य आयनूर) कचरत होते, हेही इथे नीट उमजतं.

एल्फांचं प्रकरण वेगळं आहे. त्यांचा फेआ (आत्मा) आणि ह्रोआ (देह) एकमेकांसाठीच घडलेले, त्यांची ताटातूट ही विकृतीच. एल्फ राजा फिन्वेचा मुलगा फेआनोर, त्याच्या जन्मानंतर त्याच्या आईची, मीरियेलची, जगण्याची शक्तीच संपली आणि ती आपणहून देह सोडून गेली. फिन्वेला दुसरं लग्न करता येईल का, यावर वालारची सभा बसते. अनेक जण बोलतात, कुणाचंच म्हणणं चुकीचं वाटत नाही. पुढे मेल्कोरच्या हातून मेलेला फिन्वे मांडोसच्या (मेलेल्यांचे आत्मे सांभाळणाऱ्या वालाच्या) दालनांत मीरियेलला भेटतो आणि तिला देह परत मिळावा म्हणून स्वतः परतण्याचा हक्क सोडतो. ती परत येते आणि मांडोसची पत्नी वाइरे हिच्या घरी नोल्डोरांचा, म्हणजे आपल्याच एल्फ कुळाचा, इतिहास विणत बसते. ही काही पानं मी सगळ्यात जास्त वेळा वाचली आहेत.

मांडोसची हाक धुडकावून भटकणाऱ्या आत्म्यांचा मजकूर थोडकाच आहे, पण अंगावर काटा येतो. ते जिवंत माणसाच्या देहात आसरा मागतात आणि मग मूळ मालकालाच हुसकावू बघतात.

एक अडचण आधीच सांगते. मेलेला एल्फ बाळ होऊन पुन्हा जन्मतो की त्याचा जुना देह नव्याने घडवला जातो, याबद्दल टोल्किनचं मत याच खंडात बदलतं. पक्का निकाल हवा असणाऱ्यांची चिडचिड होईल. मला मात्र त्याचं हे झगडणं प्रामाणिक वाटलं, पटेना तेव्हा त्याने लिहिलेलं सरळ मोडीत काढलं आहे.

फिनरॉड आणि आंद्रेथ यांचा संवाद मोकळ्या दिवशी एका बैठकीत वाचा. एल्फ राजा आणि उतारवयाकडे झुकलेली माणसांतली विदुषी मरणावर वाद घालतात. माणसं मरण्यासाठी जन्मली नव्हती, असं ती ठासून सांगते. वाद रंगत जातो आणि मग कळतं की तिचं फिनरॉडच्या भावावर, ऐग्नोरवर, प्रेम होतं आणि तो तिला सोडून गेला. तिथून पुढे तत्त्वज्ञान म्हणून ते वाचताच येत नाही.

'सिल्मरिलियन' आधी वाचलेलं असायलाच हवं, नाहीतर नावांच्या जंगलात वाट सापडणार नाही. ते झालं असेल तर थेट फिन्वे-मीरियेलपासून सुरुवात करा.