एरिसेइरात लॅपटॉप कुठे उघडायचा: कॅफे, को-वर्किंग की भाड्याचं घर?

पोर्तुगालची राजधानी लिस्बनहून गाडीने पाऊण तासावर, माफ्रा नगरपालिकेच्या हद्दीत, कड्यावर वसलेलं एरिसेइरा हे मूळचं कोळ्यांचं गाव. पांढरी घरं, त्यांना निळे पट्टे, कड्याखाली होड्यांचा किनारा. २०११ साली इथल्या लाटांच्या पट्ट्याला जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्राचा मान मिळाला, युरोपात पहिल्यांदाच. सर्फिंगवाल्यांच्या मागोमाग लॅपटॉपवालेही आले.

महिना-दोन महिने इथे राहून काम करू पाहणारा पहिल्यांदा विचारतो, ‘कॅफेत वाय-फाय कसं आहे?’ खरं तर आधी पाहायचं ते आपलं ऑफिस कुठल्या घड्याळावर चालतं हे. जागेचा अर्धा निर्णय तिथेच होतो.

घड्याळ

पोर्तुगाल भारताच्या मागे आहे: हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. पुण्यातलं १० ते ७ चं ऑफिस म्हणजे इथे हिवाळ्यात पहाटे ४.३० ते दुपारी १.३०, उन्हाळ्यात ५.३० ते २.३०. पास्तेलारिया, म्हणजे कोपऱ्यावरची बेकरी आणि चहा-कॉफीचं दुकान एकत्र, सकाळी लवकर उघडते, पण इतक्या लवकर नाही. फ्लॅट व्हाइटवाली नवी कॅफे तर आठ-नऊच्या आधी दार उघडत नाहीत. अशा माणसाने कॅफेची यादी बाजूला ठेवून आधी घर नीट निवडावं. दुपारी दोनला सुरू होणारी भारतीय शिफ्ट असेल तर मात्र चित्र बदलतं. तेव्हा इथे ८.३० किंवा ९.३० वाजलेले असतात.

लंडनच्या कंपनीत असलेल्यांना सगळ्यात सोपं. पोर्तुगाल आणि ब्रिटनचं घड्याळ वर्षभर एकच, बदलतंही एकाच दिवशी. न्यू यॉर्कच्या वेळेवरचा ९ ते ५ चा दिवस इथे दुपारी २ ते रात्री १० असा पडतो. सकाळ समुद्राला मोकळी, पण संध्याकाळी सहा-सातला कॅफेवाला खुर्च्या उलट्या ठेवायला लागला की तुमचा निम्मा दिवस बाकी असतो. मार्चमध्ये अमेरिका घड्याळ आधी पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो, तसाच ऑक्टोबरअखेर एक आठवडा. त्या दिवसांत मीटिंगा हमखास चुकतात.

कॅफे: दोन-तीन तासांचं काम

इथे कॅफे दोन प्रकारची, आणि दोन्हींत वागायची रीत वेगळी. पास्तेलारियात एस्प्रेसो साधारण एका युरोला. ‘उं काफे’ म्हटलं की तोच येतो. दूध हवं असेल तर कपातली ‘मेया द लेत’ किंवा उंच ग्लासातला ‘गालांव’ मागायचा. टेबलं लहान, सॉकेट क्वचित, टीव्ही चालू. लोक पंधरा मिनिटं बसून उठतात. इथे लॅपटॉप उघडला तर कोणी काही बोलणार नाही, पण जेवणाच्या वेळी, साडेबारा ते अडीच, चौघांचं टेबल अडवून बसणं सरळ वाईट दिसतं. बरीच छोटी दुकानं फक्त रोख किंवा स्थानिक बँकेचं कार्ड घेतात, म्हणून खिशात दहा-वीस युरो सुटे हवेत.

नव्या धाटणीच्या कॅफेत कॉफी तीन-चार युरोची, पण सॉकेट असतो आणि लॅपटॉपवाल्याची सवयही असते. काही ठिकाणी शनिवार-रविवारी लॅपटॉपला बंदी, काही ठिकाणी ठरावीक टेबलांवरच परवानगी. बसण्याआधी ‘पोसु त्राबाल्यार आकी कों उ पोर्तातिल?’ असं विचारावं. पोर्तातिल म्हणजे लॅपटॉप, सॉकेटला ‘तोमादा’. टेबलाला ‘मेझा’, आपल्या मेजासारखाच ऐकू येणारा. वाय-फायचा पासवर्ड मागताना ब्राझिली अॅपवर शिकलेला ‘सेन्या’ शब्द वापरू नका. पोर्तुगालात सेन्या म्हटलं की बहुधा रांगेचा नंबर असलेली चिठ्ठी आठवते. इथला शब्द ‘पालाव्रा-पास’. दर तास-दीड तासाला काहीतरी मागवणं ही न लिहिलेली अट समजा.

आता नेटवर्क. कॅफेत फायबर इंटरनेट बहुधा असतं, अडचण पुढे सुरू होते. एकच राउटर काउंटरमागे, जुन्या घरांच्या दगडी भिंती जाड, आणि वीस फोन त्याला लटकलेले. वाय-फायचा वेगवान ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल दुसऱ्या खोलीत पोचतच नाही, मग लॅपटॉप गुपचूप २.४ वर जातो आणि वेग कोसळतो. म्हणून स्पीड टेस्टचा मोठा आकडा पाहून खूश होऊ नका. ७२०पी व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी दीड ते तीन एमबीपीएस पुरतात. कॉल तुटतो तो पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, वाटेत हरवल्याने आणि ते पोचायचा वेळ सारखा कमी-जास्त झाल्याने. टर्मिनलमध्ये `ping 1.1.1.1` (विंडोजवर `ping -t 1.1.1.1`), म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा, पाच मिनिटं चालू ठेवून कॉफी प्या. आकडे १५-३० मिलिसेकंदांत स्थिर राहिले तर बसा. मध्येच २०० वर उड्या मारत असतील किंवा शंभरातली दोनेक पॅकेट गळत असतील तर तिथे फक्त ईमेल करा.

कंपनीचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी, जोडलं जात नसेल तर बहुतेक वेळा कॅफेच्या राउटरने यूडीपी ही डेटा पाठवायची पद्धत अडवलेली असते. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये टीसीपी ही दुसरी पद्धत, पोर्ट ४४३ निवडा. तो पर्याय आयटीवाल्यांनी कुलूपबंद केला असेल तर ते निघण्याआधी उघडून घ्या, पोचल्यावर नव्हे. बॅकअप म्हणून मेओ, नोस किंवा व्होडाफोनचं प्रीपेड सिम फोनच्या हॉटस्पॉटवर ठेवावं. ग्रुप व्हिडिओ कॉल तासाला एक ते दीड जीबी सहज खातो, त्या हिशेबाने पॅक घ्या.

बाहेरचं टेबल, ‘एश्प्लानादा’, फोटोत सुंदर दिसतं. पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारनंतर ‘नोर्तादा’ हा उत्तरेचा वारा सुटतो. कप उडतो, आणि माइकमध्ये फक्त घोंघाट ऐकू येतो. ३०० निट्स (उजेडाचं माप) इतकीच उजळ स्क्रीन उन्हात वाचता येत नाही. आणि मीठ: समुद्राकडून येणारा खारा ओलावा दोन तासांत स्क्रीनवर चिकट थर धरतो. घरी आल्यावर किंचित ओल्या मायक्रोफायबरने पुसावं. यूएसबी-सीच्या पोर्टमध्ये वाळू गेली तर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, लाकडी टूथपिकने हलकेच काढा. सुई घालू नका, आतली पट्टी वाकते.

को-वर्किंग

को-वर्किंग म्हणजे दिवसाच्या किंवा महिन्याच्या भाड्यावर मिळणारं सामायिक ऑफिस. यावर जास्त सांगण्यासारखं नाही, कारण ते जसं असावं तसंच असतं. नीट खुर्ची, फोन बूथ, मॉनिटर, न तुटणारं नेट. गावात छोट्या जागा आहेत. एका दिवसाचा पास साधारण १५-२५ युरो, महिन्याचा बहुधा दीड-दोनशेच्या घरात. कॅफेतही रोज एक कॉफी, एक टोस्ट आणि नंतर आणखी एक कॉफी धरली तर आठ-नऊ युरो होतात. वीस दिवसांचे १६०-१८०. म्हणजे पैसे वाचवायला कॅफे निवडत असाल तर हिशेब चुकतोय. आधी तीन गोष्टी विचारा: दार किती वाजेपर्यंत उघडं, फोन बूथ किती जणांमागे एक, आणि जुलै-ऑगस्टमध्ये जागा हमखास मिळते का. अमेरिकेच्या वेळेवर काम असेल तर पहिल्याच उत्तरावर सगळं ठरतं.

घर

भारताच्या सकाळच्या वेळेवर असलेल्यांचं खरं ऑफिस हेच, आणि फसगतही इथेच जास्त होते. जुनी घरं हिवाळ्यात आतून बाहेरच्याहून गार. सेंट्रल हीटिंग नसतं, भिंतींना बुरशी धरते. नोव्हेंबर ते मार्चसाठी घर घेत असाल तर डीह्युमिडिफायर आहे का हे आधी विचारा. कपडे वाळत नाहीत तो त्रास वेगळाच.

दुसरा प्रश्न विजेचा. अनेक लहान फ्लॅटना ३.४५ केव्हीएचंच, म्हणजे एका वेळी साधारण ३,४५० वॅटचंच, कनेक्शन असतं. २००० वॅटचा हीटर चालू, पहाटेच्या चहासाठी २००० वॅटची किटली लावली, की बेरीज चार हजार. मेन स्विच पडतो, राउटर बंद, आणि तो परत जागा होऊन नेट मिळेपर्यंत दोन-चार मिनिटं मीटिंग तुमच्याविना चालते. म्हणून मालकाला केव्हीए विचारा, ६.९ असेल तर निर्धास्त. राउटर कुठल्या खोलीत आहे त्याचा फोटो मागवा, आणि सोबत पाच मीटरची नेटवर्क केबल न्या.

प्लगचंही पाहा. आपल्या जाड गोल तीन पिना इथल्या सॉकेटमध्ये जात नाहीत, जबरदस्ती करू नका. दोन बारीक पिनांचा चार्जर थेट बसतो. व्होल्टेज २३०, म्हणजे आपल्यासारखंच. चांगला अॅडॉप्टर एकच न्या आणि त्यावर घरचा एक्स्टेन्शन बोर्ड लावा, पण फक्त लॅपटॉप-फोनसाठी, इस्त्रीसाठी नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-अवरची, विमानाच्या १०० च्या मर्यादेत बसते आणि लॅपटॉप एकदा चार्ज करते. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालची वीज दिवसभर गेली, तेव्हा कॅफे, को-वर्किंग, घर सगळेच सारखे झाले आणि काही तासांनी मोबाइलही धापा टाकू लागला. त्या दिवशी उपयोगी पडली ती रोकड.

व्हिसाचं थोडक्यात. युरोपातल्या अनेक देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, पण तो कामाचा परवाना नव्हे. कंपनीची लेखी परवानगी आणि नियम आधी पाहा. जास्त राहायचं तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेला डी-८, म्हणजे परदेशी कंपनीसाठी दुरून काम करणाऱ्यांचा, व्हिसा. त्याला पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न दाखवावं लागतं, २०२५ च्या ८७० युरोंच्या हिशेबाने ते महिना ३,४८० होतं. वर्षात १८३ दिवसांवर राहिलात तर कराचा प्रश्नही उभा राहतो.

एरिसेइराला रेल्वे नाही. लिस्बनच्या कांपो ग्रांदेहून बस आहे, तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. आठवड्यातून दोनदा लिस्बनला क्लायंट भेटायचा असेल तर कश्काइश बघा, काइश दु सोद्रे स्टेशनहून लोकल चाळीस मिनिटांत पोचते. तिथे घरभाडं मात्र जास्त पडतं. दक्षिणेच्या आल्गार्व्ह किनाऱ्यावरचं लागोस अधिक उबदार आणि नोर्तादाचा त्रास कमी, पण लिस्बनहून रेल्वेने साधारण चार तास. आणि कुठलंही गाव निवडा, ऑगस्टमध्ये जाऊ नका: तेव्हा सगळी टेबलं सुट्टीवर आलेल्या कुटुंबांची असतात, आणि त्यात गैर काहीच नाही.