रात्री तीनची शुगर: ग्लुकोमीटर की सेन्सर?

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाच्या घरातून पहिली जाते ती झोप. त्यामुळे ग्लुकोमीटरवर भागवायचं की सतत शुगर मोजणारा सेन्सर लावायचा, हे ठरवताना मी मुलाइतकाच आईवडिलांचाही विचार करते.

आमच्याकडे पहिली दोन वर्षं फक्त ग्लुकोमीटर होता. रात्री तीनला मोबाइलचा उजेड हाताने झाकायचा, लेकीचा हात पांघरुणातून हळूच बाहेर काढायचा आणि बोटाच्या कडेला टोचायचं, तिथे जरा कमी दुखतं. ती झोपेतच हात ओढून घ्यायची. आकडा यायचा ११२. पण शुगर ११२ वर स्थिर आहे की भराभर उतरते आहे? ते कळायचं नाही. मग चारला पुन्हा उठायचं.

सेन्सर इथेच उपयोगी पडतो. बहुतेक सेन्सर एकदा लावले की १० ते १५ दिवस चालतात, दर १ ते ५ मिनिटांनी आकडा देतात आणि शुगर चढते आहे की उतरते आहे, हे बाणाने दाखवतात. ७० च्या खाली गेली की अलार्म. मूल शाळेत असलं तरी आकडे आपल्या फोनवर दिसतात. ही सोय कंपन्यांची वाट न बघता काही पालकांनी स्वतः उभी केली होती, २०१३ मध्ये, 'नाइटस्काउट' नावाने.

पण सेन्सर रक्तातली नव्हे, कातडीखालच्या द्रवातली शुगर मोजतो. तो रक्तापेक्षा पाच-दहा मिनिटं मागे असतो. मूल सेन्सर लावलेल्या कुशीवर झोपलं तर दाबामुळे खोटी 'लो', म्हणजे शुगर खूप उतरल्याचं, दाखवतो. पहिल्याच आठवड्यात मी अशा अलार्मवर घाबरून लेकीला उठवून ज्यूस पाजला आणि सकाळी शुगर अडीचशेच्या वर. आकडा आणि मुलाची अवस्था जुळत नसेल तर बोट टोचूनच खात्री करा, तेही हात धुऊन. बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा फुगतो. म्हणजे सेन्सर आला तरी ग्लुकोमीटर लागतोच.

खर्चात ग्लुकोमीटर हलका. सेन्सर कायम परवडत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. इन्सुलिनचा डोस बदलताना एखाददुसरा लावला तरी रात्रीचं चित्र डॉक्टरांना नीट दिसतं.

मूल लहान असेल, 'मला कसंतरी होतंय' हे सांगता येत नसेल, तर मी सेन्सरच घ्या म्हणेन. मोठ्या मुलाला 'लो' झाल्याचं स्वतःला कळत असेल, रात्री शुगर फारशी उतरत नसेल, तर ग्लुकोमीटरवर चालतं. अलार्मचे आकडे मात्र डॉक्टरांशी बोलून ठरवा. प्रत्येक चढउताराला वाजणारा अलार्म चार दिवसांत नकोसा होतो आणि माणूस तो बंद करून टाकतो. रात्री उठण्याच्या पाळ्याही आधीच वाटून घ्या.

सेन्सर घेण्याआधी दोन गोष्टी तपासा: आपल्या फोनवर त्याचं अ‍ॅप चालतं का, आणि फोन सायलेंटवर असताना 'लो'चा अलार्म वाजतो का.