घरचा कोच, घाटापलीकडचा कोच की फौजी?

आमचा फुटबॉल क्लब या मोसमात हरत हरत तळाला गेला. शेवटच्या मॅचला बेळगावच्या लेले ग्राउंडवर आमच्या बाजूची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, तीही बहुतेक पोरांच्या घरचीच. जुना कोच स्वतःहून बाजूला झाला. येत्या रविवारी कमिटी बसणार आहे आणि तिघांची नावं पुढे आली आहेत. एक आमच्याच क्लबातून खेळलेला, गेली काही वर्षं ज्युनियर पोरांना शिकवणारा. दुसरे गोव्यातले लायसन्सवाले कोच. तिसरे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार साहेब. कोल्हापूरचंही एक नाव कुणीतरी घेतलं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कितीतरी क्लबांपुढे मोसम संपला की हाच पेच येतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

नावांकडे वळण्याआधी एक विचारतो: कोच बदलायचा तो नेमका कशासाठी? नवा माणूस आला की टीम उसळते, असं सगळेच म्हणतात. नेदरलँड्सच्या लीगमधल्या १९८६ ते २००४ या मोसमांचा अभ्यास झाला, त्यात दिसलं ते वेगळंच. कोच बदललेल्या टीम सावरल्या हे खरं, पण तेवढ्याच घसरलेल्या ज्या टीमनी कोच बदलला नाही त्याही तशाच सावरल्या. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर २०२२-२३ चा बंगळूर एफसी घ्या. आयएसएल या देशातल्या मोठ्या लीगच्या पहिल्या टप्प्यात टीम नुसती हरत होती, कोच सायमन ग्रेसनला काढा म्हणून ओरड चालली होती. क्लबने काढलं नाही. पुढे त्याच टीमने लीगमध्ये सलग ८ मॅच जिंकल्या आणि फायनल गाठली. ती फायनल बघायला आम्ही चौघे चोर्ला घाट उतरून गोव्यात फातोर्ड्याला गेलो होतो. २-२ बरोबरी, मग पेनल्टीत मोहन बागान जिंकलं. परत येताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही, पण मला एवढं पटलं की हरणाऱ्या टीमला दर वेळी नवा कोच लागतोच असं नाही.

आमच्याकडे जागाच रिकामी झाली आहे, त्यामुळे नेमणूक तर करायचीच आहे. पण रविवारी जाण्याआधी कमिटीतल्या प्रत्येकाने वही उघडून बघावं, आपण गोल कसे खाल्ले. मी बघितलं. निम्म्याहून जास्त गोल कॉर्नर आणि फ्री किकवर, उरलेल्यातले बरेचसे शेवटच्या वीस मिनिटांत. म्हणजे दुखणी दोन: मागे उभं कसं राहायचं हे ठाऊक नाही, आणि दम पुरत नाही. फॉरवर्ड पोरांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरं, शब्द नीट वापरा. आपल्याकडे ‘मॅनेजर’ म्हणजे किट, पाणी, प्लेयरांची कार्डं आणि रेफ्रीकडे द्यायची यादी सांभाळणारा. इंग्लंडमध्ये मॅनेजर म्हणजे टीम निवडणारा, कुणाला घ्यायचं कुणाला सोडायचं ते ठरवणारा. आपण शोधतोय तो दुसरा, आणि अधिकार देतोय पहिल्याचे. अकरा जणांची यादी कोण लिहिणार, हे ठरल्याशिवाय तिघांपैकी कुणालाही आणा, पुढच्या मोसमाला आपण इथेच बसलेलो असू.

आता गोव्याचे सर. तीन वर्षांपूर्वी ते आमच्याकडे चार दिवस आले होते, आणि त्यांचं काम मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिल्या दिवशी त्यांनी मंडपवाल्याकडून लांब दोरी मागवली. चार बॅक, म्हणजे मागे राहून गोल अडवणारे, एका ओळीत उभे केले, प्रत्येकाच्या कमरेला ती दोरी गुंडाळली, मध्ये सात-आठ पावलांचं अंतर ठेवलं. मग स्वतः बॉल घेऊन डावीकडे गेले, उजवीकडे गेले. एक जण जागेवर राहिला की दोरी ताणायची, दुसऱ्याला ओढ बसायची. पंधरा मिनिटं पोरं एकमेकांना शिव्या देत होती. अर्ध्या तासाने चौघे एका चालीत सरकायला लागले, आणि सरांनी दोरी सोडली तरी अंतर तेवढंच राहिलं. माझ्या सगळ्या खेळण्यात मला हे कुणी शिकवलं नव्हतं. आम्हाला फक्त ‘माणूस धर’ एवढंच सांगायचे.

हे ज्ञान गोव्यात मुरलेलं आहे. कोच आर्मांदो कुलासो यांनी तिथल्या डेंपो क्लबला ५ वेळा देशाचं विजेतेपद मिळवून दिलं, तेही मुख्यतः आपल्या मातीतल्या पोरांना घडवून. तिथे गावोगावी मैदान आहे, आणि एआयएफएफचं, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं कोचिंगचं लायसन्स घेतलेला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. डी, मग सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो अशा त्या पायऱ्या. सी किंवा बी वाला कोच आपल्या पातळीच्या टीमला भरपूर झाला. भाषेचीही अडचण नाही, कोकणी-मराठीत पोरांचं जमतं.

अडचण आहे ती रस्त्याची. पावसाळ्यात चोर्ला घाटातून रोज येणं-जाणं कुणालाही शक्य नाही. सर येतील ते शनिवार-रविवार. मानधन, पेट्रोल, मुक्काम, जेवण धरलं तर क्लबचा अर्धा वर्षाचा पैसा तिथेच जातो. आणि मंगळवार, बुधवार, गुरुवारी ग्राउंडवर कोण? त्या चार दिवसांनंतरही हेच झालं. पुढच्या तीन आठवड्यांत दोरीचं शिकलेलं सगळं पुसलं गेलं, कारण रोज करून घेणारा कुणी नव्हता.

सुभेदार साहेबांबद्दल मला आदर आहे. बेळगावात फौजेचं ट्रेनिंग सेंटर असल्याने शिस्त म्हणजे काय हे इथल्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही. साहेब सहाला म्हणजे सहाला उभे असणार, आणि दमाचं दुखणं ते दोन महिन्यांत बरं करतील यात मला शंका नाही. पैशाचाही प्रश्न नाही, पेन्शन आहे, त्यांना फुटबॉलची ओढ आहे. माझी काळजी वेगळी. मागे एका मोसमात अशाच शिस्तीच्या माणसाकडे टीम दिली होती. पहिले पंधरा दिवस नुसतं पळणं, बॉल पिशवीतच. तिसऱ्या आठवड्याला चाळीसातले अठरा उरले, आणि गळालेल्यांत चांगल्या पायाची पोरं जास्त होती. फौजेत माणूस पळून जात नाही, क्लबातून जातो. साहेबांना फिटनेस द्यावा, आठवड्यातले दोन दिवस द्यावेत, टीम देऊ नये.

कोल्हापूरबद्दल थोडक्यात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचं फुटबॉल शाहू स्टेडियमवर बघितलेल्या माणसाला त्या ईर्ष्येचं कौतुक वाटतंच, मलाही वाटतं. पण तिथला चांगला कोच मोसमात तिथेच अडकलेला असतो. जो मोकळा आहे तो का मोकळा आहे हे आधी विचारा.

राहिला घरचा. याच्याबद्दल जास्त लिहितो, कारण आमच्या कमिटीत त्यालाच सगळ्यात हलकं धरलं जातंय. ‘आपलाच तर आहे, तोपर्यंत बघेल’ असं एक जण म्हणाला. हा ‘तोपर्यंत’ फार वाईट शब्द आहे.

जानेवारी २०२१ आठवून बघा. आयएसएलमध्ये एकाच महिन्यात दोन क्लबांनी परदेशी कोच काढले आणि हाताखालच्या भारतीय सहायकाला तात्पुरती टीम दिली. बंगळूरने नौशाद मूसांना, नॉर्थईस्ट युनायटेडने खालिद जमीलना. बंगळूर सातव्या नंबरवर राहिलं. नॉर्थईस्ट लीगच्या उरलेल्या मॅचमध्ये एकदाही हरलं नाही आणि सेमीफायनलला गेलं. मूसा कमी पडले असं मी म्हणणार नाही. त्याच जानेवारीत बंगळूरचा फॉरवर्ड डेशॉर्न ब्राउन नॉर्थईस्टकडे गेला, आणि तिकडे गोल करायला लागला. एका सहायकाच्या हातातला प्लेयर गेला, दुसऱ्याच्या हातात आला. जमीलनी त्याआधी २०१६-१७ ला आयझॉल क्लबला आय-लीग ही देशपातळीवरची लीग जिंकून दिली तेव्हाही जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबईतले ओळखीचे प्लेयर सोबत होते. घरचा असो की बाहेरचा, त्याला हवी ती पोरं मिळाली की नाही हे बघायला हवं.

आमच्या माणसाकडे एक गोष्ट आहे जी इतर कुणाकडे नाही. आमचा गोली आणि दोन बॅक उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत. कुणाची कधी कुठली पाळी, हे त्याच्या मोबाइलमध्ये लिहिलेलं असतं. दुसऱ्या पाळीचा पोरगा रात्री उशिरा सुटतो, त्याला तो सकाळी सहाला बोलावत नाही, दुपारी कामावर जायच्या आधी वेगळा अर्धा तास घेतो. एकदा मी पाहिलं, एकट्या गोलीला समोर उभं करून हा स्वतः पन्नास कॉर्नर मारत होता. पोराशी मराठीत बोलायचा, बॉल आणून देणाऱ्या धाकट्याशी कन्नडमध्ये, आणि कडेला बसलेल्या कॅम्पातल्या दोघांशी उर्दूत. आमची टीम अशीच तीन-चार भाषांची आहे. बाहेरून आलेल्याला ही घडी समजायलाच एक मोसम जाईल.

त्याची उणीवही मोठी आहे. वचक नाही. पोरं त्याला ‘दादा’ म्हणतात, कमिटीतले त्याला ‘अरे’ म्हणतात. कुणाच्या भाच्याला बाहेर बसवलं की रात्री घरी फोन येतो, आणि तो फोन घेतो. मागचा पदाधिकारी हाफटाइमला टीममध्ये घुसून ‘याला काढ, त्याला घाल’ सांगायचा, तेव्हा हा बाजूला गप्प उभा होता. शिवाय लायसन्स फक्त डी, त्यामुळे बॅकलाइन कशी बांधायची हे त्याला अजून शिकावं लागेल.

तरीही माझं मत त्यालाच. ज्ञान चार दिवसांसाठी बाहेरून आणता येतं, सुभेदार साहेबांचा दम आठवड्याला दोन सकाळी घेता येतो. पण मंगळवारी संध्याकाळी पाऊस पडत असताना ग्राउंडवर उभा राहणारा माणूस भाड्याने मिळत नाही. वचकाचं म्हणाल तर तो कमिटीने काढून घेतलाय, कमिटीनेच परत द्यायचा. ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आले तेव्हा टीम तळापासून दुसरी होती, आणि पहिला कप आला तो मे १९९० मध्ये. आपण निदान दोन मोसम तरी देऊ.

रविवारी मी ठरावात हे लिहून मागणार आहे: नेमणूक दोन मोसमांची, ‘तात्पुरती’ हा शब्द कुठेही नको. अकराची यादी तो एकटा लिहील. मॅच चालू असताना कमिटीचा कुणीही रेषेच्या आत जाणार नाही, मी धरून. सी लायसन्सच्या कोर्सची फी क्लब भरेल. आणि गणपती झाले की गोव्याच्या सरांना चार दिवस बोलवायचं, या वेळी आपला कोच त्यांच्या शेजारी उभा राहील. दोरी आणायला नको, ती अजून आमच्या माळ्यावर आहे.