सेकंडहँड इंटरसेप्टर ६५०: गाडी कशी आहे, आणि आली कशी

कुठल्याही बाईकचा रिव्ह्यू वाचायला घेतला की माझा पहिला प्रश्न एकच असतो, यांच्याकडे गाडी आली कशी? आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. अ‍ॅव्हरेज सांगतात, टॉप स्पीड सांगतात, सायलेन्सरच्या आवाजाचे व्हिडिओ टाकतात, पण गाडी कर्ज काढून घेतली, का घरच्यांनी दिली, का चार दिवस फुकट चालवायला मिळाली, हे कळल्याशिवाय त्या स्टारचं मी करू काय? ज्याचे हप्ते चालू आहेत तो गाडीला नावं ठेवत नाही, ठेवली तर घरचे विचारतील मग घेतलीस कशाला. ज्याला फुकट मिळाली त्याला सगळंच गोड. आणि सेकंडहँडवाला प्रत्येक खडखडाट आधीच्या मालकाच्या खात्यावर टाकून मोकळा होतो.

तर माझं आधी सांगून टाकतो. माझी रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर ६५० सेकंडहँड आहे, तारांच्या चाकांची, अलॉय (बिनतारांची ओतीव चाकं) यायच्या आधीची. सरळ मालकाकडून घेतली, पैसे एकरकमी दिले, हप्ता नाही. त्यामुळे कौतुक करायची सक्ती नाही आणि शिव्या घालायलाही कारण नाही. नवीन का नाही घेतली असं विचाराल तर ही गाडी २०१८ ला आली आणि तेव्हापासून इंजिन मुळात तेच आहे. मग पहिल्या मालकाने रनिंग-इन करून दिलेली, म्हणजे सुरुवातीचे किलोमीटर जपून चालवून इंजिन सरावलेली, थोडी घासलेली गाडी मला चालते.

आधी एका डीलरकडे गेलो होतो. आम्ही पोचायच्या आधीच गाडी चालू करून गरम करून ठेवलेली, सायलेन्सरजवळ हात नेला तर धग लागत होती. आता गरम इंजिन कुणाचंही गुळगुळीत चालतं, खरं दुखणं कळतं ते थंड स्टार्टला. टायर काळे कुळकुळीत चमकत होते, पॉलिश मारलेलं. टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. ते बघायला खाली वाकलो तर भाऊ म्हणतात, "टायर नवीनच आहेत हो, काय बघताय." आकडे गाडीच्याच वर्षाचे निघाले. चहा नको म्हणून निघालो.

मग माझ्या गाडीचे मालक, हे काका सापडले. फोनवरच सांगितलं, काका, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. ते हसले, म्हणाले, "चालू करत नाही, पण पुसू तरी का?" तेव्हाच मला माणूस आवडला. रिटायर झाल्यावर स्वतःसाठी म्हणून घेतलेली गाडी, त्याआधी आयुष्यभर घरच्यांच्या सोयीच्या गाड्या चालवल्या. पण ही गाडी पेट्रोल न धरताच २०२ किलोची आहे, पार्किंगमधून मागे ढकलत बाहेर काढताना गुडघा बोलायला लागला. "गाडी एक नंबर आहे, गुडघा नाहीये," असं अगदी सरळ बोलले. विकायचं एवढं स्वच्छ कारण मी दुसऱ्या कुठल्या मालकाकडून ऐकलेलं नाही. बाकी सगळ्यांना कायम दुसऱ्या शहरात जायचं असतं.

इंजिनला हात लावला, थंडगार. सेल्फ मारला, लगेच धरली. मग डबल स्टँडवर घेतली (या गाडीला डबल स्टँड येतो, सेकंडहँड तपासायला फार सोयीचं), काकांनी मागून दाबून पुढचं चाक उचललं आणि मी हॅण्डल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू फिरवलं. मधोमध कुठे खाचेत बसल्यासारखं वाटलं की समजायचं कोनसेट, म्हणजे हॅण्डलचं बेअरिंग, गेला. नाही वाटलं. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून बोट फिरवलं, तेलाचा ओशटपणा नाही, म्हणजे सील ठीक. चेन मात्र कोरडी ठक्क, लालसर झालेली, पण मागच्या स्प्रॉकेटचे दात वाकडे झाले नव्हते.

हॅण्डलच्या डाव्या टोकाला मार होता. मी तिथे बघतोय हे बघून काकाच म्हणाले की साइड स्टँड नीट लागला नव्हता, उभ्या जागी पडली. आता असं सगळेच सांगतात, पण हे गाडीवरच लिहिलेलं असतं. उभी गाडी आडवी झाली की टोकाला एकाच जागी ठोका बसतो, चालती गाडी पडली की घसटत जाते आणि लांबच लांब ओरखडे येतात. इथे बार-एंडला एक ठोका, क्लच लिव्हरच्या गोळीला एक, फूटरेस्टच्या रबराला थोडंसं आणि टाकीला डाव्या बाजूला नखाएवढा पोचा, ज्याच्यावर स्टिकर लावून टाकलेला. सगळं एकाच बाजूला, सगळं एकाच पडण्यातलं. हॅण्डल पूर्ण वळल्यावर जिथे टेकतं तो स्टॉपर पण बघितला, वाकलेला नव्हता. काका खरं बोलत होते.

पण सौदा पक्का झाला तो त्या खोक्यामुळे. गाडीला बाहेरचे दणदणीत सायलेन्सर लावलेले होते, मी विचारलं ओरिजिनल कुठायत, तर आतून एक मोठं खोकं आणलं. त्यात दोन्ही ओरिजिनल सायलेन्सर वर्तमानपत्रात गुंडाळलेले, आरसे, दुसरी किल्ली, सर्व्हिसिंगची बिलं आणि एक छोटी डायरी, त्यात दर वेळी पेट्रोल कधी भरलं, किती भरलं, किलोमीटर किती. ज्या माणसाने जुन्या आरशांना पण कागद गुंडाळून ठेवलाय त्याने ऑइल वेळेवर बदललं असणारच. तरी टायर आणि चेनचं मी तोडून मागितलं, रबर कडक झालेलं होतं ते त्यांनीही मान्य केलं, आणि तेवढं कमी करून दिलं. इंजिन नंबर, चासी नंबर कागदांशी स्वतः ताडून बघितला, गाडी नावावर व्हायची प्रोसेस सुरू झाल्यावरच सगळे पैसे दिले. हा भाग कंटाळवाणा आहे पण तो सोडला की पुढचं सगळं रडगाणं तिथूनच सुरू होतं.

आता गाडी. ६४८ सीसी, दोन सिलिंडर, ४७ पीएस ताकद, ५२ एनएम टॉर्क. कागदावर हे आकडे बघून कुणी उड्या मारणार नाही, यापेक्षा कमी सीसीत यापेक्षा जास्त ताकद देणाऱ्या गाड्या आहेत. पण मजा ती ताकद येते कुठून यात आहे. याचा क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) २७० अंशाचा, म्हणजे दोन्ही पिस्टन एकदम वर येत नाहीत, एक दुसऱ्याच्या पाऊण फेरा मागे असतो, त्यामुळे ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत आणि समांतर दोन सिलिंडर असूनही व्ही-ट्विनसारखा, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनासारखा, लंगडता ताल येतो. खालच्या आरपीएमलाच एवढी खेचते की तिसऱ्या गिअरला टाकून गावातून निघालात तरी चालतं, उगाच गिअर खाली-वर करायचा त्रास नाही. क्लच हलका, स्लिप-असिस्टवाला, घाईत दोन गिअर पाडले तरी मागचं चाक झटका देत नाही. सहावा गिअर टाकून निवांत चाललात की गाडी एकदम शांत, आणि मी ओरिजिनल सायलेन्सर परत चढवल्यावर तर हेल्मेटमध्ये स्वतःचे विचार ऐकू यायला लागले. बाहेरच्या सायलेन्सरला पहिल्या आठवड्यात माझीही कॉलर ताठ होती, नंतर डोकं दुखतं, सोसायटीतले लोक बघतात ते वेगळंच.

चासीचं काम हॅरिस परफॉर्मन्सच्या लोकांसोबत केलेलं आहे, रेसिंगच्या चासी बनवणारी ब्रिटिश मंडळी, आणि ते वळणावर कळतं. एवढी जड गाडी, पण चालायला लागली की वजन कुठे जातं कोण जाणे. थांबली की परत येतं, काकांचा गुडघा आठवा. सीटची उंची ८०४ मिलिमीटर, मध्यम उंचीच्या माणसाचे पाय टेकतात. ब्रेक पुढे ३२० आणि मागे २४० मिलिमीटरची डिस्क, दोन्हीकडे एबीएस, भरवशाचे. मागचे शॉकअप एकट्याला जरा कडक लागतात, मागे माणूस बसला की बरोबर होतात.

टाकी १३.७ लिटरची. मला निवांत चालवून पंचविसाच्या आसपास अ‍ॅव्हरेज पडतं, काकांची डायरी पण साधारण तेच म्हणते, म्हणजे तीनशे किलोमीटरच्या आत पंप शोधायला लागायचा. लांब जाणाऱ्यांना ही टाकी छोटी वाटणार. मीटर म्हणजे दोन गोल डायल आणि एका डायलमध्ये छोटी स्क्रीन, तिच्यात पेट्रोल आणि किलोमीटर. कुठला गिअर आहे ते दाखवत नाही, किती वाजले ते पण नाही. मला काही अडत नाही. ज्यांना अडतं त्यांनी ही गाडी बघूच नये.

खरी अडचण ट्यूबची. तारांची चाकं, आत ट्यूब, म्हणजे पंक्चर झालं की प्लग मारून पुढे जायचं काम नाही, चाक खोला, टायर उतरवा, ट्यूब काढा. रात्री रिकाम्या रस्त्यावर हे करायची कुणाला हौस आहे? २०२३ च्या अपडेटमध्ये काही रंगांना अलॉय आणि ट्यूबलेस आले, एलईडी हेडलाइट आणि यूएसबी पण आलं. एक बरंय की व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट) स्क्रू आणि लॉकनटचा आहे, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि थोडा धीर असला की टॅपेट, म्हणजे हीच फट, घरी सेट होते.

आता ज्या मुद्द्यावरून सुरू केलं त्यावर. आमच्या रायडिंग ग्रुपमध्ये हीच गाडी बऱ्याच जणांकडे आहे आणि प्रत्येकाचा रिव्ह्यू वेगळा. एकाने मित्राला उसने दिलेले पैसे कधी परत येईनात, शेवटी मित्राने किल्ली हातात ठेवली. हा बाबा गाडीला सारख्या शिव्या घालतो, सीट कडक, इंजिन गरम, सगळं वाईट, आणि मला पक्कं माहितीये की त्याचा राग गाडीवर नाहीच. एकीला घरच्यांनी स्कूटर घे म्हणून वर्षभर समजावलं, ती भावाच्या गाडीवर शिकली आणि एक दिवस न सांगता बुकिंग करून आली. तिच्या तोंडून या गाडीबद्दल एक वाकडा शब्द मी ऐकलेला नाही, भर ट्रॅफिकमध्ये उजव्या पायाला चटके बसत असतानासुद्धा नाही. तिसरा गॅरेजवाला आहे, कुणीतरी ठोकलेली गाडी आणून टाकली, एस्टिमेट ऐकून परत आलाच नाही, शेवटी याने कागद करून स्वतःकडे ठेवली. या गाडीत बाहेरून काय सुंदर आणि आतून काय साधं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मला सेकंडहँड घ्यायची होती तेव्हा मी फक्त त्यालाच विचारलं.

असं उलट्यासुलट्या वाटांनी गाड्या लोकांकडे येणं काही आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि मित्रराष्ट्रांच्या सैन्यांसाठी हार्लेने जवळपास ९०,००० लष्करी गाड्या बनवल्या, बहुतेक डब्ल्यूएलए मॉडेलच्या, युद्ध संपल्यावर त्यातल्या कितीतरी सरप्लस म्हणून स्वस्तात निघाल्या आणि घरी परतलेल्या पोरांनी उचलल्या. तिकडे जपानमध्ये सोइचिरो होंडांनी १९४६ मध्ये लष्कराच्या वायरलेस सेटच्या जनरेटरची छोटी इंजिनं घेऊन सायकलला बसवली, लोकांनी तीच पहिली मोटारसायकल म्हणून घेतली. शोरूममध्ये पडदा बाजूला करून, हार घालून, फोटो काढून गाडी घेणं हा प्रकार त्या मानाने फार सोपा. आपल्या या गाडीचं नाव पण सेकंडहँडच आहे बघा, १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये रॉयल एनफील्डची ७३६ सीसीची इंटरसेप्टर होती, तेच नाव परत काढलं, आणि अमेरिकेत ते नाव होंडाकडे असल्यामुळे तिथे ही आयएनटी ६५० म्हणून विकतात.

कुणी घ्यावी? दुसरी तिसरी गाडी असेल, ताकद दाखवायची हौस फिटली असेल आणि दिवसभर आरामात चालवायची असेल तर डोळे झाकून. म्हणजे गाडीबद्दल डोळे झाकून, सेकंडहँड घेताना दोन्ही उघडे, थंड स्टार्ट, टायरचे आकडे आणि ओरिजिनल सायलेन्सर बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. रोज अरुंद पार्किंगमधून मागे ढकलत काढायची असेल तर आधी ढकलून बघा, चालवून नंतर. एकट्याने आडरानात फिरायचं असेल तर थोडे जास्त मोजा आणि २०२३ नंतरची अलॉयवाली शोधा. स्टार चार, एक ट्यूबच्या नावाने कापला. आणि हो, खाली कमेंटमध्ये तुमचे स्टार देताना तुमच्याकडे गाडी कशी आली तेही लिहा, नाहीतर मी ते मोजणार नाही.