सासरची जुनी दप्तरं, घरबसल्या आणि फुकट

आयर्लंडमध्ये सासर असलेल्यांना, आणि सासरच्या नसत्या चौकशा करायची खोड असलेल्यांना, आधीच सांगते: वंशावळीच्या साइटना वर्गणी भरायची घाई करू नका. बरेच कागद सरकार फुकट दाखवतं.

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे मूळ फॉर्म आहेत, कुटुंबप्रमुखाच्या सहीसकट. लिहिता येत नसेल तर फुली. त्याआधीचं फारसं हाती लागत नाही. काही जनगणना सरकारनेच नष्ट केल्या, उरलेल्या बहुतेक १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीतल्या दप्तरखान्याच्या आगीत गेल्या. जन्म-लग्न-मृत्यूसाठी आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई. जन्म शंभर वर्षांपूर्वीचे, लग्नं पंचाहत्तर, मृत्यू पन्नास. त्यापेक्षा अलीकडचं तिथे दिसत नाही.

आता आमच्या घरचं. सासरचं गाव रॉसकॉमन काउंटीत. सासऱ्यांच्या आजीचं लग्न मध्यस्थाने जुळवलं, नवरानवरीने एकमेकांना चर्चमध्येच पहिल्यांदा पाहिलं, असं सगळे छातीठोकपणे सांगायचे. १९११ च्या फॉर्मवर गावातल्या किराणा दुकानदाराचं कुटुंब आहे. खालच्या ओळीत ‘मोलकरीण, वय १९’, त्याखाली ‘दुकानातला नोकर, वय २३’. आजी आणि आजोबा! एकाच छपराखाली! लग्न १९१४ च्या फेब्रुवारीतलं, उपासाचा लेंट सुरू व्हायच्या आत उरकलेलं. डोंबलाचा मध्यस्थ!

मग जन्मनोंदी चाळल्या. १९१२, वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात, जन्मलेली मुलगी. बापाच्या रकान्यात आडवी रेघ. आईचं नाव आजीचंच, राहण्याचं ठिकाणही तेच. ही मुलगी घरात कुणाला ठाऊक नव्हती. सासरेबुवा म्हणाले, “बॉस्टनहून दर ख्रिसमसला डॉलर पाठवणारी ती आजीची ‘चुलत बहीण’ असेल का गं?” नाव जुळतं. पण नाव जुळणं हा पुरावा नव्हे, हे मी त्यांना दोनदा बजावलं. इथे दर तिसरी बाई ब्रिजेट नाहीतर मेरी.

म्हणूनच नुसत्या नावावर विसंबू नका. टाउनलँड, म्हणजे आपली वाडी म्हणा, ती जुळते का बघा. आडनाव ‘ओ’ लावून आणि न लावता (ओब्रायन, ब्रायन), दोन्ही तऱ्हेने शोधा. १९११ च्या फॉर्मवर लग्न झालेल्या बायकांना ‘मुलं किती झाली, किती हयात’ हेही विचारलंय. तो रकाना चुकवू नका. चर्चच्या वह्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर आहेत, पण बऱ्याच लॅटिनमध्ये, आणि अक्षर डॉक्टरांपेक्षा वाईट.

ते दुकान आता बंद आहे. वरच्या मजल्यावर ब्राझिलियन कुटुंब भाड्याने राहतं, पोस्टही हललंय. सासरे मात्र रोज विचारतात, बॉस्टनचं काही सापडलं का. अमेरिकेच्या नोंदी या साइटवर नाहीत, तेवढ्यापुरती वर्गणी भरावी लागेलसं दिसतंय.

मोबाइलवर उघडू नका. मोठा स्क्रीन हवाच.